आटे गेले म्हणून लगेच टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवू नका: घरी जीप उभी करताना शिकलेलं

दोन वर्षं झाली, इंदुरात सुदामानगरला घरामागच्या शेडमध्ये एक जुनी महिंद्रा जीप उभी करतोय. चेसिस देपालपूरकडच्या एका शेतकऱ्याकडून आणली, इंजिन दुसरीकडून, टब, म्हणजे वरची बॉडी, नव्या पत्र्याचा बनवून घेतला, आणि हे सगळं एकमेकांना जोडताना माझे सगळ्यात जास्त रविवार कशात गेले असतील तर आट्यांमध्ये, म्हणजे बोल्टवरच्या आणि भोकातल्या फिरत्या खाचांमध्ये. बोल्ट अर्धा जातो आणि अडकतो, नट नुसता फिरतच राहतो, स्टड, म्हणजे पार्टमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, मुळाशी तुटतो. आपण घरी आटे म्हणतो, सियागंजच्या बाजारात गेलं की दुकानदार बोल्ट हातात घेऊन म्हणतो "भिया, चूडी मर गई इसकी, नया ले जाओ". आणि बोल्टच्या बाबतीत तो अगदी बरोबर असतो. पण ब्लॉकमधलं भोक, गिअरबॉक्समधलं भोक, चेसिसला आतून वेल्ड केलेला नट, हे कोणत्या दुकानात नवीन मिळणार? ते गेलं की पूर्ण पार्ट गेला.

माझे काका हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, वय झालंय पण अजून शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "अरे, आधी हे ठरव की दोघांपैकी वाचवायचं कुणाला. बोल्ट मरायलाच असतो, भोक वाचव." तेव्हा मी मान डोलावली आणि सोडून दिलं, पण आता प्रत्येक अडकलेल्या बोल्टपाशी हेच आठवतं, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती आहे.

तर सगळ्यात आधी आटा कोणता आहे ते ओळखा. जीपमध्ये हा विषय फार त्रासाचा आहे कारण जीप मुळात विलीजच्या डिझाइनची, म्हणजे अमेरिकन, तिची चेसिस, अ‍ॅक्सल, स्प्रिंगा वगैरे सगळं इंचात, आणि नंतरच्या गाड्यांत बसलेलं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन प्यूजोचं, फ्रेंच, म्हणून मेट्रिक. एकाच गाडीत दोन भाषा. त्यात आधीच्या तीस-चाळीस वर्षांत हाताशी आला तो बोल्ट कुणीकुणी ठोकलेला असतो ते वेगळंच.

सगळ्यात घातक जोडी आहे अडीच सूत आणि एम८ ची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि एम८ म्हणजे ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, डोळ्यानं बघून एम८ पेक्षा वेगळा ओळखताच येत नाही. त्याच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि एम८ ला १३ नंबरचा, त्यामुळे १३ चा पाना अडीच सुतावर जरा सैल पण बसतो आणि माणसाला कळतच नाही की आपण चुकीच्या बोल्टवर आहोत. आट्यांचं बघा, एम८ ची पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, १.२५ मिलिमीटर, अडीच सुताची बारीक चूडी म्हणजे यूएनएफ, ती एका इंचात २४ आटे, म्हणजे १.०६ च्या आसपास, आणि जाड चूडी यूएनसी, ती इंचात १८ आटे, म्हणजे १.४१. यातला कोणताही बोल्ट दुसऱ्याच्या भोकात एक-दोन फेरे आरामात जातो. मग घट्ट होतो. मग आपल्याला वाटतं गंज असेल, आणि पान्यावर पाइप लावून जोर देतो. तिथेच भोक मेलं.

म्हणून पिच गेज घ्या. पात्यांचा पंखा असतो तसा, एक मेट्रिकचा आणि एक इंचाचा, सियागंजात टूल्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो, घरी गाडी बनवणाऱ्यानं गोटी (सॉकेट) सेटच्याही आधी तो घ्यावा असं माझं मत आहे. पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरायचं, मधून जराही फट दिसली तर ते पातं नाही, पुढचं. बोल्ट छोटा असेल तर दोन-तीन पाती बसल्यासारखी वाटतात, तेव्हा शक्य तेवढ्या जास्त आट्यांवर टेकवून बघायचं. भोकाचं माप घेता येत नाही, तर तिथून निघालेला जुना बोल्ट मोजा, आणि तो बोल्टच चुकीचा असेल अशी शंका असेल तर माहीत असलेला नवा चांगला बोल्ट फक्त बोटांनी घालून बघा, पाना न लावता. जो बोटांनी सात-आठ फेरे जातो तो बरोबर.

नेहमी लागणारी मापं मी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीत. मेट्रिक जाड चूडी: एम६ ला १, एम८ ला १.२५, एम१० ला १.५, एम१२ ला १.७५. पण गाड्यांमध्ये एम१० आणि एम१२ दोन्ही १.२५ च्या बारीक चूडीतसुद्धा खूप येतात, तिथे लक्ष द्या. इंचात बारीक चूडी: दोन सूत २८, अडीच सूत २४, तीन सूत २४, साडेतीन सूत २०, चार सूत २०. साडेतीन सुताचा, म्हणजे ७/१६ चा, तो २० आट्यांचा बोल्ट मेट्रिक गाडीतही एका जागी भेटतो, सीट बेल्टच्या अँकरला, जगभरच्या बहुतेक गाड्यांत तिथे हाच असतो. तिथे एम१० किंवा एम१२ बसवायचा प्रयत्न करू नका.

आणि उलटे आटे. जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडना बऱ्याचदा उलटे आटे असतात, आणि टाय रॉडच्या एका टोकाला तर असतातच. स्टडच्या तोंडावर कधी एल मारलेला असतो, कधी पुसला गेलेला असतो. डाव्या बाजूचा नट उघडत नसेल तर जोर वाढवायच्या आधी आट्यांचा कल कुठल्या बाजूला आहे तो नीट बघून घ्या.

आता माप कळलं. पुढची पायरी सगळे जण गाळतात, ती म्हणजे सफाई. खराब वाटणाऱ्या आट्यांपैकी बरेचसे खराब नसतातच, त्यांत चिखल असतो, जुना रंग असतो, सुकलेलं लॉक्टाइट (आटे सुटू नयेत म्हणून लावायचं चिकट द्रव) असतं, गंजाची पापडी असते. बोल्टला वायर ब्रश आणि घासलेट. भोकाला पितळी तारेचा छोटा गोल ब्रश, बंदुकीची नळी साफ करायचा असतो तसा, तो हातानं फिरवत आत न्यायचा, मग हवा मारायची, हवा मारताना चष्मा घालाच, आंधळ्या भोकातून कचरा सरळ डोळ्यावर येतो. आंधळं भोक म्हणजे जे आरपार नाही ते. त्यात तेल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट आवळला तर ते द्रव दाबायला जागा नसते आणि कास्टिंगला तडा जाऊ शकतो, ब्लॉकच्या भोकांत हे नक्की तपासा. इअरबडनं किंवा काडीला गुंडाळलेल्या चिंधीनं तळ कोरडा करून घ्यायचा.

एवढं करून बोल्ट बोटांनी गेला तर काम झालं, टॅपला हात लावू नका.

नाही गेला तर मग टॅप की चेसर, म्हणजे आटे नुसते सरळ करणारं हत्यार, हा मुद्दा येतो आणि इथेच सगळ्यात जास्त भोकं मरतात. नेहमीचा टॅप हा धातू कापायला बनवलेला आहे. थोडे दबलेले आटे असले तरी तो धारेनं खरवडून काढतो, थोडासा वाकडा लागला तर जुन्या आट्यांच्या शेजारी स्वतःचे नवीन आटे पाडतो, आणि शेवटी उरतं पातळ झालेलं, सैल भोक. चेसर कापत नाही, दबलेला धातू परत जागेवर ढकलतो. विकत मिळतात पण इंदुरात प्रत्येक मापाचा मिळेलच असं नाही, म्हणून काकांनी शिकवलेला घरचा चेसर सांगतो. बरोबर मापाचा, चांगल्या प्रतीचा नवा बोल्ट घ्या, शक्यतो ८.८ किंवा १०.९ चा. व्हाइसमध्ये धरताना जबड्यात अल्युमिनियमची पट्टी ठेवा. टोकाकडून मागे आट्यांच्या आडवे, म्हणजे बोल्टच्या लांबीच्या दिशेनं, हॅक्सॉनं किंवा पातळ कटिंग डिस्कनं तीन खाचा पाडा, आट्यांच्या खोलीपेक्षा जरा खोल, साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर लांब. टोक कानशीनं थोडं निमुळतं करा म्हणजे सुरुवात सरळ होईल, आणि खाचेच्या कडांची धार बारीक कानशीनं मोडा. झाला चेसर. कचरा खाचांमध्ये जमतो आणि आटे सरळ होतात. माझ्याकडे असे अकरा झालेत, एका डब्यात तेल लावून ठेवलेत, आणि या गाडीतली निम्म्याहून जास्त भोकं यांनीच ठीक झालीत.

वापरताना आधी तेल, मग बोटांनी घालायचा. सुरुवातीलाच एक युक्ती, जी बोल्ट घालतानाही कायम वापरा: आधी उलटा फिरवायचा, हलक्या हातानं, एका जागी बारीकसा टक् असा धक्का बोटांना लागतो, तो म्हणजे बोल्टचा पहिला आटा भोकाच्या पहिल्या आट्यावरून खाली पडला. तिथून मग सुलटा फिरवायचा. असं केलं तर आटा आडवा चढायची भीती जवळजवळ जातेच. मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे, घट्ट वाटलं की बाहेर काढा, पुसा, पुन्हा तेल, पुन्हा आत. घाईत पाना लावून एका दमात तळापर्यंत नेऊ नका.

खरोखर नवीन आटे पाडायची वेळ आली तरच टॅप. तीनचा सेट येतो, पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा तळापर्यंत जाणारा, आंधळ्या भोकात तिसऱ्याशिवाय शेवटचे आटे पडत नाहीत. मेट्रिकमध्ये भोकाचं ड्रिल काढायला पाठांतर लागत नाही, व्यासातून पिच वजा करा: एम६ ला ५, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२. टॅप सरळ आहे का ते छोटा गुण्या लावून दोन बाजूंनी बघा, आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच बघा, नंतर सरळ करायला गेलात तर टॅप तुटेल. लोखंडात कटिंग ऑइल, अल्युमिनियमला घासलेट छान चालतं, बिडात म्हणजे कास्ट आयर्नमध्ये कोरडंच, त्यात ग्रॅफाइट असतं, तेल घातलं की भुशाचा चिखल होतो.

आता बोल्टच्या बाजूचे आटे. नियम साधा, साधा बोल्ट असेल तर नवा आणा. पण काही गोष्टी बदलता येत नाहीत किंवा सहज मिळत नाहीत, अ‍ॅक्सलचं टोक, प्रेसनं बसवलेला स्टड. तिथे त्रिकोणी कानस कामाला येते. तिचा कोपरा ६० अंशाचा असतो आणि मेट्रिक, यूएनएफ, यूएनसी या सगळ्या आट्यांचा कोनही ६० अंशच आहे, म्हणून ती कानस दबलेल्या आट्यात अगदी मापाची बसते. (जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करत असाल तर थांबा, व्हिटवर्थचा आटा ५५ अंशाचा, तो १८४१ पासूनचा आहे आणि तिथे ही कानस आटा बिघडवेल.) चांगल्या आट्यापासून सुरू करून त्याच्याच नाळीत कानस चालवत खराब भागाकडे यायचं, दोन-तीनदा घासायचं, मग नट लावून बघायचं.

टोक ठोकून फुललेलं असेल आणि मागे आटे चांगले असतील तर यापेक्षाही भारी उपाय आहे. त्याच मापाचा एक नट घ्या, मधोमध उभा कापून दोन भाग करा, कापलेल्या जागची खरखरीत बर काढून टाका. दोन्ही अर्धुकं मागच्या चांगल्या आट्यांवर ठेवा, व्हाइस ग्रिपनं घट्ट धरा, तेल सोडा, आणि बाहेरच्या दिशेनं, टोकाकडे फिरवत आणा. चांगल्या आट्यांवरून येत असल्यामुळे तो नट चुकूच शकत नाही, आणि बाहेर पडताना फुललेलं टोक सरळ करत येतो. माझ्या मागच्या अ‍ॅक्सलच्या एका टोकावर आधीच्या कुणीतरी हातोडा चालवला होता, लेथवाला म्हणाला शाफ्ट बदला, ते टोक या दोन अर्धुकांनी संध्याकाळी तासाभरात ठीक झालं आणि नट आज बोटांनी शेवटपर्यंत जातो.

डाय, म्हणजे बोल्टवर बाहेरून आटे पाडायचं हत्यार, तीसुद्धा वापरता येते, पण तीही टॅपसारखीच, कापते. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कारखान्यात बनलेल्या चांगल्या बोल्टचे आटे कापलेले नसतात, रोलरमध्ये दाबून उठवलेले असतात, त्यामुळे धातूचे तंतू आट्याच्या वळणासोबत वळतात आणि थकव्यानं तुटायला तो बोल्ट जास्त टिकतो. डाय फिरवली की ते तंतू कापले जातात आणि मुळाशी बारीक ओरखडे येतात, तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय नटच्या आत सगळे आटे सारखा भार घेत नाहीत, नट जिथे पार्टला टेकतो तिथले पहिले दोन-तीन आटेच बहुतेक ओझं उचलतात. म्हणून बोल्टच्या अगदी टोकाचे आटे दबले असतील तर ते नुसतं सुरुवातीचं दुखणं आहे, साफ करा आणि वापरा, पण खराबी नट बसतो त्या जागी असेल तर बोल्ट फेकायचा, मग तो कितीही चांगला दिसो.

आणि हे तर वाद न घालता ऐका: स्टिअरिंग, ब्रेक कॅलिपर, सस्पेन्शन, सीट बेल्ट, फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड, या जागांचा बोल्ट दुरुस्त करायचा नाही. नवाच, आणि त्याच ताकदीचा. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असं लिहिलेलं असतं, ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटतो आणि पुढचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जातो. इंचाच्या बोल्टवर आकडे नसतात, रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोकं साफ असेल, काहीच लिहिलेलं नसेल, तर तो बोल्ट माझ्या गाडीत फक्त नंबर प्लेट आणि मडगार्डला जातो. ब्रेक पाइपच्या नटाचे आटे गेले असतील तर तेही बदला, टेफ्लॉन टेप गुंडाळून चालवणारे बघितलेत, बघून पोटात गोळा येतो. ती जागा आट्यांवर सील होतच नाही, पाइपच्या फुगवलेल्या तोंडावर होते, टेपचा उपयोग शून्य.

तुटलेला स्टड. याला वेळ द्या, एक दिवस नाही तर दोन-तीन दिवस. रोज संध्याकाळी भेदक तेल सोडायचं, डब्ल्यूडी-४० किंवा बाजारात गंज सोडवायचं जे काही मिळतं ते, आणि पंचनं हलके ठोके. थोडं बाहेर आलेलं असेल तर दोन नट लावून एकमेकांवर आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून काढायचा. तेवढी लांबी नसेल तर वेल्डिंग. तुटक्यावर एक नट ठेवायचा, नटच्या भोकातून आत वेल्ड भरायचा, लाल रंग जाऊ द्यायचा, आणि मग पान्यानं मागे-पुढे, मागे-पुढे. हे अल्युमिनियमच्या घरात तुटलेल्या लोखंडी स्टडला विशेष चांगलं लागू पडतं कारण वेल्ड अल्युमिनियमला चिकटत नाही, आणि वेल्डच्या उष्णतेनं गंजाची पकडही सुटते. दोन-तीनदा नट तुटून हातात येईल, पुन्हा लावा, चौथ्यांदा निघतो. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढलेली आणि डिझेलचे पाइप लांब, हे सांगायला नको पण सांगतो.

ईझी-आउट, म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटा फिरवत घालायचं काढणीचं हत्यार, मात्र जपून. माझा गिअरबॉक्सच्या एका एम८ स्टडमध्ये तुटला, मी जोर जास्त दिला. तो इतका कडक पोलादाचा असतो की नेहमीचं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. शेवटी हाउसिंग गाडीत टाकून सांवेर रोडला घेऊन गेलो, तिथे स्पार्क मशीनवर ठिणग्यांनी तो जाळून काढून दिला, भोकाला काही झालं नाही पण दोन आठवडे काम थांबलं. तेव्हापासून माझं असं, जो स्टड गंजून मुळात तुटलाय तो आत घट्टच आहे, त्याला बारीकसा ईझी-आउट काढू शकणार नाही. त्यापेक्षा मधोमध पंच मारायचा, आणि मधोमध म्हणजे खरंच मधोमध, यावर अर्धा तास घालवला तरी चालेल, आधी ३ चं ड्रिल, मग ५, मग एम८ साठी ६.५, आणि उरलेली आट्यांची पातळ गुंडाळी टोकदार स्क्रायबरनं उचकटून काढायची. डाव्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर फारच छान, भोक पाडता पाडताच कधी कधी तुकडा फिरून बाहेर येतो.

एवढं सगळं करूनही भोक मेलंच, तर हेलिकॉइल. ही तारेची गुंडाळी असते, स्टेनलेस स्टीलची, तारेचा छेद चौकोनी हिऱ्यासारखा, बाहेरून मोठ्या भोकाचे आटे, आतून तुमच्या बोल्टचे मूळ आटे. लोकांना वाटतं ही तात्पुरती मलमपट्टी आहे, पण अल्युमिनियममध्ये हेलिकॉइल बसवलेलं भोक मूळ भोकापेक्षा जास्त मजबूत होतं, कारण अल्युमिनियमवर येणारा भार मोठ्या व्यासावर पसरतो आणि बोल्ट घासतो तो स्टीलवर. किटमध्ये खास टॅप येतो, नेहमीचा टॅप इथे चालत नाही. ड्रिलचं माप किटवर लिहिलेलं असतं तेच घ्या, एम६ ला साधारण ६.३, एम८ ला ८.३, एम१० ला १०.४. लांबीत बोल्टच्या व्यासाच्या १, दीड, दोन पट असे प्रकार असतात, अल्युमिनियममध्ये मी दीड पटीच्या खाली जात नाही.

माझ्या इंजिनाच्या पुढच्या अल्युमिनियम कव्हरची चार भोकं अशीच होती, कुणीतरी अडीच सुताचे बोल्ट एम८ मध्ये कोंबलेले. कव्हर काढून टेबलावर घेतलं, हे गाडीवर करू नका, भुसा इंजिनात जातो. आधी किटच्या मापाचं ड्रिल, अल्युमिनियम असल्यामुळे घासलेट सोडत सोडत, खोली ओळखायला ड्रिलला टेपचा झेंडा लावून. मग टॅप, गुण्या लावून. हवा मारून भुसा पूर्ण काढला. मग गुंडाळी मँड्रेलवर, म्हणजे ती आत फिरवायच्या दांड्यावर, लावून, खाली न दाबता, नुसती फिरवत आत घातली. दाबलं तर तार एक आटा उडी मारते आणि सगळं काढावं लागतं. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली जाऊ द्यायचं, अगदी तोंडाशी राहिलं तर बोल्ट आवळताना वर ओढलं जातं. शेवटी तळाची आडवी शेपटी पंचनं एका ठोक्यात तोडून लांब चिमट्यानं बाहेर काढायची. ती बाहेर आली की नाही ते मोजून बघा, आत इंजिनात राहिली तर ऑइल पंपापर्यंत जाईल. चार भोकं, चार शेपट्या, मी कागदावर ठेवून मोजल्या.

हेलिकॉइल मिळत नसेल किंवा भोक फारच मोठं झालं असेल तर आपल्याकडची जुनी पद्धत बुशची. लेथवाला बाहेरून एम१२ आणि आतून एम८ आट्यांचं बुश बनवून देतो, भोक एम१२ चं टॅप करायचं, बुश लॉक्टाइट २७१ लावून घट्ट बसवायचं, कडेला पंचचे दोन-तीन ठोके. छान टिकतं. फक्त भोकाच्या बाजूला पुरेसा धातू आहे ना ते बघा, काठ पातळ असेल तर फुटेल. एम-सील किंवा अ‍ॅरल्डाइट भरून त्यात बोल्ट फिरवून आटे पाडणारेही आहेत. भार येणाऱ्या बोल्टला हे करू नका, बस.

पत्र्याच्या टबमधले वेल्ड नट गेले तर त्यात जीव गुंतवायचं कारण नाही, ग्राइंडरनं उडवा आणि नवा वेल्ड करा किंवा रिव्हेट नट, म्हणजे पत्र्यात रिव्हेटसारखा बसणारा नट, मारा.

दुरुस्त केलेल्या भोकात बोल्ट घालताना पहिल्यांदा खरा बोल्ट घालू नका. त्याच मापाचा दुसरा बोल्ट आणि एक-दोन वायसर घेऊन टॉर्क पान्यानं हळूहळू आवळून बघा, ८.८ चा एम८ साधारण २५ न्यूटन मीटर, एम१० साधारण ५० च्या जवळ, पण इंजिनाच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर तेच खरं. पाना फिरतोय आणि टॉर्क वाढत नाहीये असं वाटलं की थांबा, आटे बाहेर येताहेत. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत, तेल किंवा कॉपर ग्रीस लावलं तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून तिथे टॉर्क कमी ठेवायचा. आवळून झाला की नट आणि पार्ट या दोघांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, पाचशे किलोमीटरनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल होतोय हे लांबूनच कळतं. धक्के खाणाऱ्या जागी लॉक्टाइट २४३, निळं, जे पुढे पान्यानं उघडता येतं. सायलेन्सरच्या बाजूला कॉपर ग्रीस, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तुटलेल्या स्टडचा अध्याय सुरू.

आणि रंग. चेसिसला रंग मारायला देण्याआधी प्रत्येक भोकात ग्रीस लावलेला एकेक जुना बोल्ट घालून ठेवा, स्टडवर रबरी नळीचे तुकडे चढवा. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि सत्तावीस भोकांतून रंग खरवडत बसलो, काका शेजारी बसून एकेक चेसर पुसून हातात देत होते. आता जुने, डोकं गोल झालेले, काही कामाचे नाहीत असे बोल्ट फेकत नाही, एका ऑइलच्या कापलेल्या कॅनमध्ये सगळे ठेवलेत, पुढच्या महिन्यात टब रंगाला जाईल तेव्हा लागतील.